संकल्पाचे व्याकरण



आपल्याकडे नवे वर्ष एकदाच येत नाही. १ जानेवारीला भिंतीवरचे कॅलेंडर बदलते, १ एप्रिलला हिशेबाची वही बदलते, चैत्र शुद्ध प्रतिपदेला शक बदलतो आणि जूनमध्ये मुलांचे दप्तर बदलते. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत तर भाद्रपदातले विसर्जन आटोपले की पुढच्या वर्षाचा विचार सुरू होतो. यांपैकी कोणत्या ना कोणत्या नववर्षाच्या उंबरठ्यावर प्रत्येक माणूस काहीतरी ठरवतो. रोह्याहून पेणला जाऊन-येऊन मी गेली सत्तावीस वर्षे मराठी शिकवते आहे आणि दर डिसेंबरअखेरीस विद्यार्थ्यांच्या तोंडून एक वाक्य ऐकत आले आहे : ‘मॅडम, नव्या वर्षात मला काहीतरी लिहायचे आहे.’ भाषाविज्ञान हा माझा अभ्यासविषय असल्यामुळे या वाक्यातील भावनेइतकेच त्याच्या रचनेकडेही माझे लक्ष जाते. लेखनाचा संकल्प टिकेल की विरून जाईल, याची चाहूल पुष्कळदा त्या रचनेतच लागते, असे माझे मत आहे.

‘मला लिहायचे आहे’ हे वाक्य नीट पाहा. यात लिहिणारी व्यक्ती ‘मी’ या प्रथमेच्या रूपात नाही, ‘मला’ या चतुर्थीच्या रूपात आहे. ‘मला भूक लागली’, ‘मला आठवण आली’ या वाक्यांप्रमाणेच येथेही जे काही आहे ते माझ्याकडे चालून आलेले आहे. इच्छा माझ्यावर येऊन थांबली आहे, मी अजून कोणतीही क्रिया हाती घेतलेली नाही. ‘मी लिहिणार आहे’ म्हटले की कर्ता प्रथमेत येतो, बेत स्पष्ट होतो. ‘मी लिहीन’ म्हटले की आणखी एक गोष्ट घडते. ‘ती लिहील’ हे केवळ अनुमान असते, पण ‘मी लिहीन’ हे ऐकणाऱ्याला दिलेले वचन होऊ शकते. जे. एल. ऑस्टिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाची व्याख्याने त्यांच्या निधनानंतर, १९६२ मध्ये, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. काही वाक्ये जगाचे वर्णन करत नाहीत, ती उच्चारणे हीच एक कृती असते, हा त्यांतील मुख्य विचार आहे. वचन देणे ही अशीच कृती होय.

मराठीत मात्र याहूनही उपयोगी असे एक रूप आहे : ‘मी लिहीत जाईन.’ व्याकरणात तुम्ही त्याचा अभ्यास रीतिभविष्यकाळ या नावाने केला आहे. ‘लिहीन’मध्ये एक पूर्ण झालेली गोष्ट डोळ्यांसमोर असते, ‘लिहीत जाईन’मध्ये एक रीत असते. ‘या वर्षी कादंबरी लिहीन’ असे ठरवणारा वर्षभर कादंबरी न लिहिलेला माणूसच राहतो, अगदी शेवटचे पान पूर्ण होईपर्यंत. ‘दर रविवारी एक पान लिहीत जाईन’ असे ठरवणारा पहिल्याच रविवारी आपल्या शब्दाला जागलेला असतो. नव्या वर्षाचे लेखनाचे उद्दिष्ट शक्यतो या काळात मांडावे, असे मी विद्यार्थ्यांना सुचवते.

आता ‘संकल्प’ या शब्दाकडे वळू. ‘कल्पना’ आणि ‘संकल्प’ हे दोन्ही शब्द कॢप् या एकाच संस्कृत धातूपासून आले आहेत. जुळणे, सिद्ध होणे, समर्थ होणे असे त्या धातूचे अर्थ आहेत. कल्पना सर्वांनाच सुचतात, ‘सम्’ हा उपसर्ग लागून त्यांची बांधणी व्हावी लागते. ती बांधणी कशी असते, हे आपल्या घरच्या पूजेतच पाहायला मिळते. पूजेच्या आरंभी गुरुजी यजमानाकडून संकल्प सोडवून घेतात. त्यात आधी काळ येतो : संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. मग स्थळ येते, मग करणाऱ्याचे गोत्र आणि नाव, मग हेतू, आणि अगदी शेवटी क्रियापद : ‘करिष्ये’. तुमची श्रद्धा कोणतीही असो वा नसो, भाषेचे अभ्यासक म्हणून ही रचना लक्षात घेण्याजोगी आहे. केव्हा, कुठे, कोण आणि कशासाठी हे सांगून झाल्यावाचून ‘करीन’ म्हणण्याची मुभा नाही.

‘करिष्ये’ हे रूपही आत्मनेपदी आहे. संस्कृत वैयाकरण याचे उदाहरण देतात ते ‘यजति’ आणि ‘यजते’ या जोडीचे. पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तेव्हा ‘यजति’, यजमान स्वतःसाठी करतो तेव्हा ‘यजते’. क्रियेचे फळ कर्त्याकडे येते तेथे आत्मनेपद. लेखनाच्या संकल्पाला हा निकष लावून पाहा. पुस्तक छापले जाणे, पुरस्कार मिळणे, दिवाळी अंकात नाव येणे ही फळे दुसऱ्याच्या हातची आहेत. लिहिताना विचार स्वच्छ होणे, विसरलेले आठवणे, आपली भाषा आपल्याला सापडणे ही फळे लिहिणाऱ्याकडे येतात. उद्दिष्ट ठरवताना ते या दुसऱ्या प्रकारच्या फळांवर ठरवावे. पहिल्या प्रकारची फळे आली तर आनंदच आहे.

या सर्वांचे एक उत्तम उदाहरण आपल्याच तालुक्यातले आहे. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे या गावी झाला. पुढे बडोद्यात राहत असताना त्यांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, गीता समजून घ्यावीशी वाटली, पण संस्कृत कळेना. मराठीतून गीता हवी, आणि ती तूच का करत नाहीस, ही त्या माउलीची मागणी. १९१८ मध्ये त्या वारल्या. विनोबांनी ‘गीताई’ लिहायला घेतली ती ७ ऑक्टोबर १९३० रोजी, आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ती पूर्ण केली. गणित करून पाहा : सातशे श्लोक आणि १२३ दिवस. दिवसाला सरासरी सहादेखील श्लोक पडत नाहीत. एवढ्या मोठ्या कार्याचा रोजचा घास इतका बेताचा होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे लेखनाआधीच वाचक ठरलेला होता. संस्कृत न जाणणारी, पण समजून घेण्याची तळमळ असणारी एक स्त्री. ती हयात नव्हती, तरी भाषा तिच्या मापाने बेतली गेली. ‘गीताई’ हे नावच त्या वाचकाची आठवण सांगते.

पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी सहबंद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारीच्या रविवारी पहिले, १९ जूनच्या रविवारी शेवटचे. मधले रविवार मोजले तर आरंभ आणि शेवट धरून अठरा भरतात, आणि गीतेचे अध्यायही अठराच. एक रविवार, एक अध्याय. श्रोत्यांत साने गुरुजी होते आणि त्यांनी ती प्रवचने उतरून घेतली म्हणून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आपल्या हाती आला. बोलणाऱ्याला समोर ऐकणारे असतात, लिहिणारा एकटा असतो. बोली आणि लेखन यांतला हा भेद आपण अभ्यासक्रमात शिकतो. धुळ्याला मात्र वार, जागा आणि ऐकणारे हे तिन्ही ठरलेले होते. लेखनाला एरवी नसलेला आधार तेथे लाभला.

यावर काही विद्यार्थी एक आक्षेप घेतात आणि तो रास्त आहे. त्याच साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ च्या गुरुवारी ‘श्यामची आई’ लिहायला घेतली आणि १३ फेब्रुवारीच्या सोमवारी पहाटे लेखन संपवले. पाच दिवसांत! मग आठवड्याला एक पान कशासाठी? याचे उत्तर असे की ते पाच दिवस कागदाचे होते. त्यामागे आईच्या आठवणींची कितीतरी वर्षे होती, त्या मनात घोळवणे होते, आणि नित्याच्या लेखनाने तयार झालेला हात होता. झपाटून लिहिण्याचे दिवस कोणाच्याही आयुष्यात येऊ शकतात, पण त्यांचा संकल्प सोडता येत नाही. संकल्प सोडता येतो तो हात तयार ठेवण्याचा.

वेळेचा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांसाठी खरा आहे, हे मी जाणते. मुक्त शिक्षणाच्या वर्गात बसणारे विद्यार्थी सकाळी मोकळे आणि दुपारी मोकळे असे नसतात. कोणी धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातात, कोणी अंगणवाडी सांभाळतात, कोणाच्या घरी लहान मूल आणि अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत. ज्यांची पाळी दर आठवड्याला बदलते त्यांनी ‘पहाटे पाच वाजता लिहीन’ असे ठरवणे व्यर्थ आहे. त्यांनी घड्याळाऐवजी रोजच्या एखाद्या कामाला लेखन जोडावे : पाळीवरून आल्यावर चहा होईपर्यंत, किंवा रात्रीची भांडी आवरून झाल्यावर. पेणचे मूर्तिकारही वर्ष असेच बांधतात. चतुर्थीची तारीख ठरलेली असते, तेथून ते मागे मोजत येतात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती कधी रवाना व्हायच्या, पावसाळी हवेत माती वाळत नाही म्हणून कच्च्या मूर्ती कधी तयार हव्यात, रंग कधी, आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. डोळे आधी काढून कोणी मूर्ती घडवत नाही. लेखनातही मथळा, शैली, अलंकार यांची चिंता शेवटी करावी, आधी माती मळावी.

माझ्यापुरते सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका पाडव्याला ठरवले की आठवड्याला दोन शब्दनोंदी लिहीत जाईन. विषय आमच्या परिसराचाच : पेणच्या खारेपाटातले, शेती आणि मिठागरांशी निगडित शब्द. प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी : शब्द, अर्थ, तो ज्या वाक्यात ऐकला ते वाक्य, सांगणाऱ्याचे गाव व अंदाजे वय, आणि दिनांक. लिहिण्याची जागा म्हणजे पेण ते रोहा या परतीच्या गाडीतली खिडकी. कासू, नागोठणे, निडी ही स्थानके मागे पडेपर्यंत एक नोंद सहज होते. वर्षाला शंभराच्या आसपास नोंदी जमतात.

उदाहरणादाखल ‘उघाडी’ हा शब्द घ्या. खारबांधात पाणी सोडण्यासाठी ठेवलेले दार म्हणजे उघाडी. ओहोटीला ती शेतातले पावसाचे पाणी बाहेर जाऊ देते आणि भरतीला मिटून खारे पाणी अडवते. शेत वाचते ते तिच्या मिटण्यामुळे, पण माणसांनी तिला नाव दिले उघडण्यावरून. एका शब्दात केवढी दृष्टी आहे! आज कित्येक ठिकाणी बांध फुटून शेतीत खारे पाणी शिरले आहे, मिठागरे एकेक करून बंद पडली आहेत. काम थांबले की त्या कामाचे शब्द पुढच्या पिढीच्या कानांवर पडत नाहीत. मी ज्यांच्याकडून शब्द घेतले त्यांतली काही माणसे आता नाहीत. ‘खाजण’, ‘शिलोत्री’ हे शब्द कोशात सापडतील, पण ते वापरून एखादी आजी जे वाक्य बोलली ते कोणत्याही कोशात नाही. ते कोणीतरी त्या दिवशी लिहून घेतले तरच उरते. नव्या वर्षाचा संकल्प हा अनेकांना हौसेचा विषय वाटतो. मला तो मुदतीचा विषय वाटतो.

आणि हे काम माझ्यापेक्षा तुम्ही अधिक चांगले करू शकता. मी खारेपाटात पाहुणी म्हणून जाते. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरात ती आजी चुलीशेजारी बसलेली आहे. तिच्याजवळ बसून, तिची परवानगी घेऊन, ती बोलते तसेच लिहायचे आहे, प्रमाणभाषेत सुधारून नव्हे.

खाडा पडला तर काय, हा प्रश्न उरतो. खाडा पडणारच. घरात आजारपण येते, परीक्षा येते, गणपती येतात. आपल्या पंचांगाकडे पाहा. सूर्य आणि चंद्र यांचे गणित एकमेकांशी जुळत नाही हे गृहीत धरूनच ते रचलेले आहे. म्हणून त्यात क्षयतिथी आहे आणि अधिक मासही आहे. एखादी तिथी गळली म्हणून कोणी पंचांग फेकून देत नाही. आपल्या संकल्पातही अशी सोय आधीच लिहून ठेवावी. महिन्यातून एक आठवडा क्षयाचा धरावा, आणि सुट्टीत एखादा अधिक आठवडा घ्यावा.

आता वही उघडा आणि पुढील क्रमाने पाच ओळी लिहा. पहिल्या ओळीत काळ : कोणत्या दिवशी, कोणत्या कामानंतर, किती वेळ. दुसरीत स्थळ : घरातला किंवा प्रवासातला कोणता कोपरा. तिसरीत वाचक : ज्याच्या मापाने भाषा बेतायची असे एकच माणूस, नावानिशी. चौथीत हेतू : हे लिहिले गेले नाही तर काय हरवेल. पाचवीत क्रियापद, प्रथमेतल्या कर्त्यासह आणि रीतिभविष्यात. ही पाचवी ओळ त्या वाचकाला किंवा घरातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, कारण ऐकणारा असल्यावाचून वचन पुरे होत नाही. चौथी ओळ लिहायला सर्वांत अवघड जाईल. तिच्यासाठी हवे तर एक दिवस अधिक घ्या, पण ती रिकामी सोडू नका. पुढचे वर्षभर लेखणी हाती घ्यावीशी वाटेल ती तिच्यामुळेच.