उजव्या बाहीवरची छत्री

मराठीत ‘बिल्ला’ या शब्दाला फारशी प्रतिष्ठा नाही. हमालाचा बिल्ला, एस.टी.च्या वाहकाचा बिल्ला, निवडणुकीच्या दिवसांत पोरांच्या सदऱ्यांना टोचलेला बिल्ला, असा त्याचा गोतावळा. ‘पदक’ म्हटले की सभागृह आणि टाळ्या आठवतात. ‘बिल्ला’ म्हटले की नंबर आठवतो. म्हणूनच मी बिल्ले जमवतो ही गोष्ट महाविद्यालयात सहसा काढत नाही. त्यातही ते छत्रीधारी सैनिकांचे, म्हणजे लष्करी बोलीत ‘विंग’, हे कळल्यावर मराठी शिकवणाऱ्या माणसाचा या उद्योगाशी संबंध काय, असा प्रश्न हमखास येतो. संबंध भद्रावतीचा आहे.

वडील तेथील दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला होते. जिल्ह्याचे नाव चंद्रपूर झाले, तरी कारखान्याने आपल्या नावातले ‘चांदा’ सोडले नाही. आम्ही वसाहतीत राहत असू. अशा कारखान्यांच्या पहाऱ्याला डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे जवान असतात आणि ही कोअर मुख्यत्वे निवृत्त सैनिकांतून भरली जाते. त्यांपैकी एक, साताऱ्याकडचे, आमच्या घरी चहाला येत. आम्ही त्यांना काका म्हणत असू. आम्ही पोरे ‘का करून राहिला बे’ या वळणाची. काकांचे बोलणे आम्हांला नाटकातले वाटे. त्यांच्या ट्रंकेत पलटणीतला एक हिरवा सदरा होता. त्याच्या उजव्या बाहीवर, खांद्याच्या जरा खाली, पांढऱ्या धाग्यात विणलेली उघडी छत्री आणि तिच्या दोन्ही अंगांना पसरलेले पंख होते. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. ते मला द्या, असा हट्ट धरला. काका म्हणाले, “इमानातनं उडी मार, मग मिळंल. पाच उड्या. त्यातली एक रातची.”

मला ती थट्टा वाटली होती. पुष्कळ वर्षांनी कळले की त्यांनी केवळ नियम सांगितला होता. आग्र्याच्या प्रशिक्षणशाळेत पाच उड्या, त्यांतली एक रात्रीची, पूर्ण केल्याशिवाय ती विंग बाहीवर चढत नाही.

काकांची पलटण दुसरी पॅरा. ही मुळातली तिसरी मराठा लाइट इन्फन्ट्री. १९५२ साली पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा ती तिची दुसरी बटालियन झाली आणि नावापुढे कंसात ‘मराठा’ राहिले. ११ डिसेंबर १९७१ च्या दुपारी उशिरा ही पलटण पूर्व पाकिस्तानातील टांगाईलजवळ उतरली. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्याकडे नेतृत्व होते. जमालपूर आणि मैमनसिंगकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट लोहाजंग नदीवरच्या पुंगली पुलापाशी अडवायची, हे काम. ते झाले, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात प्रथम शिरलेल्या भारतीय सैनिकांत हीच पलटण होती. काकांकडून मात्र यातले काही ऐकल्याचे आठवत नाही. ते सांगत तो चिखल. कुणाचे सामान तळ्यात पडले, लुंगी नेसलेली माणसे अंधारातून धावत आली, त्यांनी पाण्यात उतरून पेट्या काढून दिल्या. भाषा कळेना, पण एका म्हाताऱ्याने मुरमुरे दिले. युद्धकथा ऐकायला बसलेल्या मुलाची यात साफ निराशा होई.

याच उडीची दुसरी एक गोष्ट मी वर्गात चिन्हमीमांसा शिकवताना हटकून सांगतो. उतरली होती एक बटालियन आणि तिच्या सोबतीची माणसे. परंतु वृत्तपत्रांना जे छायाचित्र मिळाले ते आग्र्याच्या एका जुन्या सरावाचे होते आणि त्यात आकाशभर छत्र्या होत्या. ते जुने आहे, हे खाली कुणी लिहिले नव्हते. त्या वेळी लष्कराचे जनसंपर्क अधिकारी असलेले राममोहन राव यांनी हा किस्सा पुढे स्वतःच सांगितला. जगाने मानले की एक अख्खी ब्रिगेड उतरली. सोस्यूरच्या परिभाषेत सांगायचे तर चिन्हक आकाशात तरंगत होते आणि चिन्हित आग्र्याला, केव्हाच छत्री गुंडाळून घरी गेलेले. विद्यार्थी हसतात. मला त्या हसण्यात थोडी अस्वस्थता वाटते, ती का हे पुढे येईल.

संग्रहाला सुरुवात झाली ती नोकरी लागल्यावर, पुण्याच्या जुन्या बाजारात. तिथे मला अमेरिकन विंग मिळाली: चांदीच्या रंगाची, पंखांची टोके वर वळून छत्रीला भिडलेली. १९४१ मध्ये विल्यम यारबरो नावाच्या तरुण अधिकाऱ्याने ती रेखाटली, हे मी नंतर वाचले. मग ब्रिटिशांचा पेगॅसस आला, मरून कापडावर फिकट निळा, पंखांच्या घोड्यावर भालाधारी बेलेरोफॉन. ग्रीक पुराणातला घोडा जुन्या बाजारातल्या गोणपाटावर पन्नास रुपयांना पडलेला पाहून मन हरखले, हे कबूल करतो. खरे-खोटे ओळखण्याची विद्याही हळूहळू आली. नवखा माणूस बिल्ल्याची पुढची बाजू पाहतो. मुरलेला आधी उलटा करतो. पिन कशी जोडली आहे, भरतकामाच्या पाठीचे कापड कोणते, टाके हाताचे की यंत्राचे, हे सारे मागे असते. महायुद्धाच्या काळातला म्हणून विकलेला धागा जंबुपार प्रकाशात लख्ख चमकला, तर तो बहुधा अलीकडचा. चहाच्या पाण्यात भिजवून ‘जुने’ केलेले कापड नाकालाही कळते.

या छंदातून मला ज्यांचे नाव कळले, त्यांत ए. जी. रंगराज यांच्याविषयी विशेष आदर आहे. हे डॉक्टर. १९४१ साली छत्री घेऊन उडी मारणाऱ्या पहिल्या भारतीय सैनिकांत ते होते, आणि कोरियाच्या युद्धात साठाव्या पॅराशूट फील्ड अँब्युलन्सचे प्रमुख. २३ मार्च १९५१ रोजी मुनसान-नी येथे अमेरिकन छत्रीसैनिकांबरोबर त्यांच्या तुकडीने उडी मारली ती जखमींवर उपचार करण्यासाठी. त्यांना महावीरचक्र मिळाले. विंग बाहीवर आणि हातात शस्त्रक्रियेची हत्यारे, ही प्रतिमा आपल्या युद्धसाहित्याला कधी सुचली असती तर बरे झाले असते. असो.

चंद्रपुरातला एक कबाडी मला ओळखतो. पितळ वितळायला जाण्याआधी तो गोणी माझ्यापुढे ओततो. एकदा त्यात मळलेल्या कापडावर शिवलेली एक भारतीय विंग निघाली. कुणाकडून आली, असे विचारले. “नाव थोडीच लिहून रायते जी त्याच्यावर,” तो म्हणाला. तो अगदी बरोबर होता. आपल्याकडे लष्करी पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक आणि नाव कोरलेले असते. पदक चोरबाजारात गेले तरी घराचा माग सांगते. बिल्ला निनावी. शरीरावरून उतरला की तो कुणाचाही होतो, आणि माझ्यासारख्याचा होतो. संग्रहातली प्रत्येक विंग कुठल्या तरी घराला नकोशी झाल्यावरच माझ्यापर्यंत आली आहे, हे त्या दिवशी प्रथम नीट जाणवले. तरीही मी ती घेतली. साठ रुपये.

२०१९ च्या विश्वचषकात धोनीच्या हातमोज्यांवर ‘बलिदान’ हे चिन्ह दिसले आणि क्रिकेटच्या जागतिक संघटनेने ते काढायला लावले. ते विंगेहूनही वेगळे: वर पसरलेल्या पंखांची कट्यार आणि देवनागरी अक्षरे, पॅरा स्पेशल फोर्सेसच्या सैनिकांचे. त्यानंतर त्याच्या नकला टी-शर्टांवर, मोटारसायकलींवर, पोरांच्या टोप्यांवर आल्या. माझ्या एका विद्यार्थ्याने ती मला गुरुपौर्णिमेला भेट दिली. आपण सैनिक आहोत असे भासवण्यासाठी अशी चिन्हे वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या १६८ व्या कलमाखाली गुन्हा आहे. भासवण्याचा हेतू नसेल, तर कायद्याचे काही म्हणणे नाही. विद्यार्थ्याचा हेतू निर्मळ होता. त्याला काय सांगावे, हे मला सुचले नाही. कारण मीही एकही उडी न मारता कपाटात चौतीस विंगा ठेवून होतो.

२०२२ मध्ये एका चर्चासत्रासाठी कराडला गेलो असताना वाट वाकडी करून काकांच्या गावी गेलो. काका वारले होते. सुनेने ओळखले नाही, पण भद्रावतीचे नाव काढताच बसवून चहा दिला. मी फिरून फिरून ट्रंकेवर आलो, मग हिरव्या सदऱ्यावर. ती उठली आणि अंगणातल्या भिंतीवर वाळत घातलेली गोधडी दाखवली. मधोमध त्या सदऱ्याची बाही होती, आणि बाहीवर विंग, धुवून धुवून राखाडी झालेली. सात-आठ वर्षांचा नातू म्हणाला, “हे माझं पाखरू.”

मी मागितली, हे इथे लपवू नये. काय होतील ते पैसे देतो, असेही म्हणालो. बाईंना राग आला नाही. “पैसं कशाला? उसवून देते की. पर भोक पडंल मधीच, ठिगाळ लावाय लागंल,” असे म्हणत त्या कात्री शोधायला आत गेल्या. मुलगा माझ्याकडे पाहत होता. मी बाईंना हाक मारून राहू द्या म्हटले. त्यांनी दुसऱ्यांदा विचारले नाही.

निघण्याआधी सवयीने मी गोधडीचा कोपरा उलटला. माझ्या नोंदवहीत त्या विंगेला क्रमांक नाही, पण नोंद आहे. ‘मागची बाजू’ या रकान्यात लिहिले आहे: जुनी नऊवारी, जांभळी, हाताचे टाके.