वेताळाचा वडिलोपार्जित धंदा

विनोबांनी आपल्या लहानपणाची एक गोष्ट सांगितली आहे. पेण तालुक्यातल्या गागोद्यात ते आई आणि आजोबांजवळ वाढत होते. वडील नरहरपंत बडोद्याला नोकरीला. दिवाळीला वडील येणार आणि मिठाई आणणार, असं आईने सांगून ठेवलेलं. वडील आले, पोराच्या हातात एक चपटं पुडकं ठेवलं. उघडून बघतो तर आत मुलांसाठी लिहिलेलं रामायण आणि महाभारत. आईने मात्र पोराला पटवलं की याहून चांगली मिठाई बापाला आणता आलीच नसती.

गागोद्यात राम आणि अर्जुन हे असे बडोद्याहून, बापाच्या सामानातून आले. आमच्याकडे वेताळ आला तो मुंबई सेंट्रलहून, एसटीने.

आम्ही रामवाडीचे. पेणची रामवाडी म्हणजे एसटीचं गाव. रायगड विभागाचं कार्यालय इथलंच. बाबा कंडक्टर. प्रवासी त्यांना 'मास्तर' म्हणत, आणि मॅट्रिकची पायरी न चढलेल्या माणसाला ती हाक मनातून आवडत असणार. ड्युटीवरून आले की तिकिटांची पेटी, पंच आणि वेबिल यांच्यासोबत पिशवीत कधीकधी इंद्रजाल कॉमिक्सचा एखादा जुना अंक असे, बहुतेक वेळा मुखपृष्ठ फाटलेला. तो आधी बाबा वाचत. चहा पीत, शांतपणे, शेवटच्या पानापर्यंत. आम्ही दोघे भाऊ उंबऱ्यावर बसून त्यांच्या पान उलटण्याकडे बघत असू. अंक आमच्या हातात पडायचा तो त्यांच्या शेऱ्यासकट. "एवढा अंगाला चिकटलेला पोशाख, तोही जंगलात. घामोळं येत नसेल होय रे याला?"

आमचा वेताळ त्यामुळे थोडा घामोळं आलेलाच होता. बहादूर मात्र बाबांना पटला. आबिद सुरतींचा हा नायक डाकूचा मुलगा आणि वाढला पोलीस अधिकाऱ्याच्या घरी. बापाच्या मार्गाने न जाता उलट डाकूंशीच लढणारा. "हे खरं," बाबा म्हणाले होते. त्यात खरं काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्यांना उलटून विचारायची पद्धत घरात नव्हती.

आता गंमत वाटते ती वेताळाचीच. ली फॉकने १९३६ साली वर्तमानपत्रांसाठी रचलेला हा नायक खरं म्हणजे एकविसावा वेताळ. मुखवटा बापाकडून मुलाकडे, कवटीसमोरची शपथ बापाकडून मुलाकडे, गुहासुद्धा वडिलोपार्जित. जगभरच्या पोरांना भुरळ घालणारा हा वीर पिढ्यान् पिढ्या बापाचीच नोकरी करत आला, आणि त्याच्यासाठी जीव टाकणारे आम्ही मात्र मोठेपणी काहीही होऊ, पण कंडक्टर होणार नाही, अशा बेतात. चुलत्यांकडे हमरापूरला गेलं की हा फरक दिसे. तिथे गणपतीच्या कारखान्यांत पोरं बापाशेजारी बसून साच्यातली माती दाबायला शिकत. डोळ्यांची आखणी करणारा बाप हात धरून बसला की कारखान्यात कोणी मोठ्याने बोलत नसे. त्या पोरांना आपला बाप कशात मोठा आहे ते रोज दिसत होतं. आमचा बाप मोठा होता तो वडखळच्या पुढे, भरलेल्या गाडीत, आमच्यामागे.

नायकांचा पुरवठाच तेव्हा तुटपुंजा होता. शाळेतून शिवाजी महाराज, रेडिओवरून गावसकर, पेणच्या टॉकीजमधून उशिरा पोचलेला अमिताभ, आणि 'किशोर'चा अंक मिळालाच तर चैन. यातला प्रत्येकजण बाबांच्या नाक्यावरून आत यायचा. १९७१ चा वेस्ट इंडीज दौरा आमच्या जन्माआधीचा, पण गावसकरच्या चार कसोटींतल्या ७७४ धावा त्यांच्या तोंडी भाड्याच्या टप्प्यांइतक्या पाठ. आणि नाव कोणाचंही निघो, मित्राचं, नटाचं, खेळाडूचं, पहिला प्रश्न ठरलेला: "ह्याचे वडील काय करतात?"

मार्क कमी पडले की रोह्याहून चिंतामणराव देशमुख येत. १९१२ च्या मॅट्रिकला पहिले, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग केंद्रात अर्थमंत्री, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा. बाबा हे सगळं एका दमात सांगत आणि शेवटी आमच्या प्रगतिपुस्तकाकडे बघत. इतका थोर माणूस त्यांनी आमच्यासाठी वाया घालवला. मला पुढे कितीतरी वर्षं चिंतामणरावांचा रागच होता.

बापाचा हात नायकांवर होता, तसा आमच्या पाठीवरही होता. त्या काळाचे गोडवे गाताना ही बाजू लोक हळूच गाळतात. नरहरपंतही मारत. विनोबा सांगतात की एके दिवशी मार अचानक थांबला, दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. मग उलगडलं: सोळावं लागलं होतं, आणि सोळाव्या वर्षी मुलाला मित्रासारखं वागवावं हे जुनं वचन वडिलांनी अक्षरशः पाळलं होतं. आमच्या बाबांना ते वचन ठाऊक नसावं. त्यांनीही साधारण त्याच वयात मारणं सोडलं, पण त्याबरोबर बोलणंही जवळजवळ सोडलं.

रायगड जिल्ह्यातली दोन मुलं मला या बाबतीत शेजारीशेजारी ठेवावीशी वाटतात. (तेव्हा जिल्हा कुलाबा, 'रायगड' नाव १९८१ चं.) रोह्यात १९२० साली जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले. वडील वैजनाथशास्त्रींनी १९२६ साली मुंबईत गीता पाठशाळा काढली आणि १९४२ पासून मुलगा त्याच व्यासपीठावरून बोलू लागला. स्वाध्यायाचं काम तिथून उभं राहिलं. म्हणजे वेताळाची रीत. दुसरे विनोबा. वडिलांनी आणलेल्या पुडक्यातून सुरू झालेलं वाचन त्यांना बुद्ध, शंकराचार्य आणि रामदासांपर्यंत घेऊन गेलं. तिघेही घर सोडून गेलेले. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला निघालेल्या या मुलाने वाटेत गाडी बदलली आणि काशी गाठली. सर्टिफिकिटं त्याआधीच चुलीत गेली होती. रसायनात रमणाऱ्या, मुलाने फ्रेंच शिकावं म्हणणाऱ्या नरहरपंतांना हे कसं वाटलं असेल? मुलाला नायक देताना बापाला कल्पना नसते की त्यातलाच एखादा पोराला घराबाहेर घेऊन जाणार आहे. तरीही देतात. मला वाटतं, बापपणातली सगळ्यात धाडसाची गोष्ट हीच असावी, मार देणं नव्हे.

निवृत्त झाल्यावर बाबा टीव्हीसमोर असत. मे १९९९ मध्ये वर्ल्ड कप चालू असताना सचिनचे वडील, कवी रमेश तेंडुलकर गेले. सचिन येऊन, अंत्यविधी करून परत इंग्लंडला गेला आणि ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४० केल्या. शतकानंतर त्याने आकाशाकडे पाहिलं तेव्हा घरातले सगळे गप्प. बाबा एवढंच म्हणाले, "ड्युटी चुकवली नाही पोराने." त्यांच्या कोशात याहून मोठी पदवी नव्हती.

आज रामवाडीत धाकट्या भावाच्या फ्लॅटवर गेलो की चौदा वर्षांचा पुतण्या हेडफोन लावून बसलेला असतो. त्याचे नायक कोणाच्या पिशवीतून येत नाहीत. रात्रीत येतात, महिन्या-दोन महिन्यांत बदलतात, आणि बापाला कळेपर्यंत जुने झालेले असतात. कारखान्यांतले गणपतीसुद्धा आता त्या वेगाने चालतात: मध्यंतरी बाहुबली, मग पुष्पा. पण हाच भाऊ रविवारी पोराबरोबर टर्फवर क्रिकेट खेळतो, त्याच्या बोलिंगवर आउट होऊन खोटं भांडतो. आम्ही बाबांबरोबर एकदाही खेळलो नाही. त्यामुळे 'आमच्या वेळी' म्हणून सुरू केलेलं वाक्य मला त्या घरात पुरं करता येत नाही.

परवा पुतण्या त्याच्या आवडत्या गेमरबद्दल सांगत होता. लाखो लोक बघतात, दिवसातले बारा तास खेळतो वगैरे. भाऊ मन लावून ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्याने विचारलं,

"ह्याचे वडील काय करतात?"

"अरे बाबा, तू काय विचारतोस!" पुतण्या हसला. मग त्यालाही उत्सुकता वाटली असावी. फोनवर बराच वेळ शोधत राहिला.

"नाही लिहिलेलं कुठे," तो म्हणाला. "कमेंटमध्ये विचारू?"