पेटींतल्या पोथ्या

अडतीस वर्षें आम्हीं शाळेंत संस्कृत शिकविलें. त्यामुळें ग्रंथांची राखण कशी करावी, हें आम्हांस दुसऱ्या कोणी शिकवावें लागेल, असें कधीं वाटलें नव्हतें. परंतु वाचकहो, विद्या आणि शहाणपण यांची गांठ नेहमींच पडते असें नाहीं!

आमच्या आजोबांनीं स्वहस्तें उतरून काढलेल्या एकेचाळीस पोथ्या माडीवरच्या शिसवी पेटींत, तांबड्या बासनांत बांधलेल्या होत्या. २००९ सालीं एक तरुण अभ्यासक त्यांचीं छायाचित्रें घेण्याची परवानगी मागावयास आला. आम्हीं त्यास चहा पाजला आणि नकार दिला. “घरची पोथी उंबऱ्याबाहेर जात नाहीं,” हें वाक्य आम्हीं मोठ्या ऐटीनें उच्चारलें. छायाचित्र घेतल्यानें पोथी जागची हलत नाहीं, ही साधी गोष्ट त्या वेळीं आमच्या ध्यानांत आली नाहीं. २०१३ च्या भाद्रपदांत पेटी उघडली, तों तळाला वाळवी! तेवीस पोथ्या हातीं लागल्या. अठरांची माती झाली होती.

गेल्या उन्हाळ्यांत आमची पुतणी सुटीस आली. ती एका ग्रंथालयांत काम करते. तिनें ही हकीकत ऐकली आणि ‘ग्रीनस्टोन’ नांवाची संगणकप्रणाली आम्हांस दाखविली. न्यूझीलंडमधील वायकाटो विद्यापीठांत ती निर्माण झाली, आणि युनेस्कोच्या सहकार्यानें तिचा देशोदेशीं प्रसार झाला. पानांचीं चित्रें व मजकूर तिच्या स्वाधीन करावा. कर्ता, शीर्षक, काळ, विषय यांची नोंद जोडावी. कीं ती साऱ्या संग्रहाची सूची रचून देते. मग मजकुरांतला हवा तो शब्द क्षणांत सांपडतो. जेथें इंटरनेट नाहीं, तेथें तोच संग्रह तबकडीवर घालून नेतां येतो.

“हिची किंमत काय?” आम्हीं विचारलें.

“कांहीं नाहीं, काका. आणि नुसती फुकट नव्हे. तिची घडणही उघडी ठेवली आहे. कोणीही ती पाहावी, सुधारावी, पुढें द्यावी. मात्र पुढें देणारानें आपली सुधारणाही तशीच खुली ठेवावी, एवढीच अट.”

आम्ही स्तब्ध झालों. विद्या दिल्यानें वाढते, हें आम्हीं जन्मभर फळ्यावर लिहिलें. आचरिलें मात्र परक्यांनीं!

त्या नांवाचा अर्थही मनांत भरला. ग्रीनस्टोन म्हणजे न्यूझीलंडांत सांपडणारा हिरवा पाषाण. तेथील माओरी लोक त्यास ‘पौनामु’ म्हणतात. त्याचे अलंकार ते पिढ्यान्‌पिढ्या जपतात, आणि मानाची भेट म्हणून देतातही. याच लोकांसाठीं १८४२ पासून निघालेल्या ३४ नियतकालिकांचीं १७,००० हून अधिक पानें ग्रीनस्टोनच्या साह्यानें एकत्र आणलीं गेलीं. त्यांतील सुमारें ७० टक्के मजकूर केवळ माओरी भाषेंत आहे. एखाद्या नातवास आपल्या पणजोबांच्या गांवचें नांव त्यांत शोधतां यावें, ही केवढी सोय!

अर्थात् यंत्र सर्व कांहीं करीत नाहीं. यंत्रासही त्याची स्वतःची वाळवी लागते. म्हणून संग्रहाच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणीं ठेवाव्या लागतात. आणि पोथी कोणती, कोणाची, हें कोणीतरी वाचूनच सांगावें लागतें. येथें आमचें जुनें संस्कृत उपयोगी पडलें. पुतणीनें छायाचित्रें घ्यावीं, आम्हीं शेवटची पुष्पिका वाचून लेखनशक व लेखकाचें नांव सांगावें, आणि घरच्या मंडळींनीं “पोथ्यांना ऊन तरी लागलें!” असें म्हणत चहा आणावा, असे पंधरा दिवस गेले.

तेवीस नोंदी झाल्यावर पुतणी म्हणाली, “काका, गेलेल्या अठरा पोथ्यांचींही नांवें सांगा. नोंद तरी राहील.” आम्ही सांगूं लागलों. अकरा नांवें आठवलीं. सातांचीं आठवलीं नाहींत. आजोबांनीं तीं सात पुस्तकें दिव्याच्या उजेडांत उतरलीं, आम्हीं तीं कुलुपांत राखलीं, आणि आज त्यांचें नांवही जगांत कोणास ठाऊक नाहीं. त्या तरुणास आम्हीं त्या दिवशीं माडीवर नेलें असतें, तर तीं त्याच्याजवळ तरी असतीं.

वाचकहो, आपल्या माडीवर अशी पेटी असल्यास ती या पावसाळ्यापूर्वीं उघडा. आणि कोणी दाराशीं येऊन पाहावयास मागितलें, तर त्यास केवळ चहावर परत पाठवूं नका.