परळचा गुरांचा दवाखाना आणि रुसलेले पोट

कामानिमित्त मुंबईला गेलात तर नुसती राणीची बाग पाहून परतू नका. परळ स्टेशनला उतरा आणि आचार्य दोंदे मार्ग विचारीत चला. हा सारा दवाखान्यांचा भाग. के. ई. एम. रुग्णालय १९२६ सालापासून इथे आहे. गावोगावची माणसे आपला रोगी घेऊन इथल्या पायऱ्यांवर बसलेली दिसतील. त्याच रस्त्याला मुक्या जनावरांचाही दवाखाना आहे, बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय. त्याच्या शेजारीच १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जनावराचे पोट उघडून पुन्हा शिवायची विद्या शिकवणारी ही आपल्याकडची जुनी शाळा.

या विद्येची गरज तुमच्या गोठ्यात कधी पडेल, सांगता येत नाही. गाय चारा नीट न चावताच गिळते. चाऱ्याबरोबर तार, खिळा किंवा प्लॅस्टिकची पिशवी पोटात जाते. मग डॉक्टर गाईला उभीच ठेवून डाव्या कुशीत भुलीचे इंजेक्शन देतात, कोठीपोट उघडतात आणि हात घालून अडकलेले बाहेर काढतात. टाके पडतात, आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण गाय रवंथ करीत नाही, शेणही टाकीत नाही. घरची मंडळी घाबरतात, ‘ऑपरेशन बिघडले’ म्हणतात.

बहुतेक वेळा तसे काही नसते. पोटाला हात लागला की ते काही काळ रुसतेच. अमेरिकेत बोस्टनला वॉल्टर कॅनन आणि फ्रेड मर्फी या दोघांनी १९०६ साली मांजरांवर हे क्ष-किरणांनी पाहिले. नुसत्या भुलीने पोटाचे काम थोडेच मंदावे. पण आतडी हाताळली, मग ती कितीही हळुवार का असेना, की अन्न कित्येक तास जागचे हलत नसे. याचे पहिले कारण मज्जातंतू. इजा झाली की ते आतड्याला ‘थांब’ असा निरोप धाडतात. दुसरे कारण पुढे उंदरांवरील अभ्यासातून कळले. हाताळलेल्या आतड्याच्या स्नायूंना काही तासांनी सूज येते आणि थांबणे लांबते. वेदना आणि रक्तातला कमी कॅल्शियम यांनी त्यात भर पडते. घोड्याला तर याचा फार धोका, कारण त्याला वांती होत नाही आणि साचलेले पाणी जठर फुगवते.

पोट जागे झाले की नाही, हे तुम्हालाही पाहता येते. गाईच्या डाव्या भकाळीत, टाक्यांपासून दूर, मूठ हलकेच टेकवा आणि दोन मिनिटे थांबा. निरोगी गाईचे कोठीपोट तेवढ्या वेळात दोन-तीन वेळा तरी मूठ वर उचलते. ऑपरेशननंतर हे उचलणे आधी क्षीण असते, मग दिवसागणिक वाढते. त्यामागून रवंथ आणि शेण येते.

तोवर काय करावे? स्वच्छ पाणी समोर ठेवा. डॉक्टर सांगतील तेव्हा कोवळा हिरवा चारा थोडा थोडा द्या. पेंड आणि भरडा दूर ठेवा. नळीने तेल किंवा काढा बळेच पाजू नका, तो फुप्फुसात गेला तर जनावर हातचे जाईल. थोडे चालवा. पोट लवकर हलत नसेल, तर निरोगी गाईच्या कोठीपोटातला रस देण्याचा उपायही डॉक्टर करतात. मात्र भकाळी फुगली, ताप आला, किंवा दुसऱ्या दिवशीही शेण पडले नाही, तर वाट पाहू नका, त्यांना तात्काळ बोलवा.

परळ लांब वाटत असेल, तर नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथेही पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. जवळचे कोणते, ते गाय आजारी पडण्याआधीच विचारून ठेवा. आणि आज घरी गेल्यावर गव्हाणीतली तार नि पिशव्या तेवढ्या वेचून काढा.