तेलाची दौलत आणि रत्नागिरीचीं घरें

रत्नागिरी म्हटली कीं हापूस आंबा, लोकमान्यांचें जन्मघर आणि पतितपावन मंदिर या गोष्टी आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें प्रथम उभ्या राहतात. तेलाचा आणि या मुलुखाचा कांहीं संबंध असेल, हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. येथें तेलाची एकही विहीर नाहीं. असें असूनही गेल्या अर्धशतकांत या जिल्ह्यांत जें बांधलें गेलें, जें अर्धवट राहिलें आणि जें बांधूं नये म्हणून लोक भांडले, त्यांतील पुष्कळशा गोष्टींच्या मुळाशीं पाहूं गेल्यास तेलच सांपडतें.

या संबंधाची जुनी खूण पाहावयाची असल्यास थिबा राजवाड्याकडे जावें. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा यास इंग्रजांनीं १८८५ सालीं पदच्युत केलें व पुढच्या वर्षीं रत्नागिरीस आणून ठेविलें. हा तांबूस वाडा त्याच्यासाठीं १९१० च्या सुमारास तयार झाला, आणि १९१६ सालीं याच गांवीं त्याचा अंत झाला. एवढी कथा सर्वश्रुत आहे. इरावतीच्या कांठीं येनानजाउंग येथें हातानें खणलेल्या तेलाच्या विहिरी होत्या व त्यांचें उत्पन्न ब्रह्मी राजांच्या तिजोरींत जात असे, ही गोष्ट मात्र तितकीशी माहीत नाहीं. राजा रत्नागिरीस आला त्याच १८८६ सालीं स्कॉटलंडांत बर्मा ऑइल कंपनी स्थापन झाली. तिच्या पैशाच्या बळावर पुढें १९०८ सालीं इराणांत तेल लागलें व १९०९ सालीं अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी निघाली. ज्याच्या राज्यांतील तेल गेलें तो राजा येथें समुद्राकडे पाहत बसला. आणि त्याच समुद्रापलीकडे जें तेलयुग सुरू झालें, त्यानें पुढें रत्नागिरीचीं मुलें ओढून नेलीं.

१९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेलाच्या बाबतींत हात आंखडता घेतला आणि कांहीं महिन्यांतच त्याची किंमत जवळजवळ चौपट झाली. त्या पैशानें वाळवंटांत रस्ते, बंदरें, इस्पितळें व शहरें उभीं राहूं लागलीं. त्यांसाठीं माणसें हवीं होतीं, आणि कोंकणचा माणूस परमुलुखास नवखा नव्हता. बोटीवरील खलाशी, मुंबईच्या गिरण्यांतील कामगार आणि कचेऱ्यांतील कारकून यांच्या मनिऑर्डरींवर हा जिल्हा पूर्वींपासूनच जगत आला होता. खेड, चिपळूण, दापोली व रत्नागिरी या तालुक्यांतील खाडीकांठच्या मुसलमान वस्तींतून, तसेंच इतर समाजांतूनही, सुतार, फिटर, मोटारचालक आणि हिशेबनीस कुवेत, बहारीन, दुबई व सौदी अरबस्तान या ठिकाणीं गेले.

त्यांच्या गांवांतून आज हिंडतांना दोन पिढ्यांचीं घरें शेजारीं शेजारीं दिसतात. जुनें घर जांभ्या चिऱ्यांचें, कौलारू, पुढें पडवी व खळें असलेलें. नवें घर दुमजली, रंगीत खांबांचें, सपाट गच्चीचें. जेथें वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो तेथें सपाट गच्ची फार दिवस कोरडी राहत नाहीं. मग कांहीं वर्षांनीं तिच्यावर पत्र्याचें उतरतें छप्पर चढतें. आजोबांनीं जो उतार आधींच ओळखला होता, त्याकडे नातू असा दुप्पट खर्चानें परत येतो! परंतु या घरांस हंसण्याचें कारण नाहीं. चिरेखाणीवरील मजूर, गवंडी, सुतार आणि गाडीवाले यांचे संसार त्यांनीं चालविले. दुःख इतकेंच कीं, यांतील पुष्कळ घरें वर्षाचे अकरा महिने बंद असतात.

शिवाय ज्या उत्पन्नावर तीं उभीं राहिलीं, त्याचा पाया घराच्या पायाइतका घट्ट नाहीं. तेलावर जगणाऱ्या राष्ट्रांत बांधकामाचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक म्हणजे सरकार. तेल उतरलें कीं सरकारची मिळकत उतरते. मग कंत्राटदाराचीं बिलें थकतात, कंत्राटदार मजुरांचे पगार थकवितो, आणि शेवटीं इकडील घराच्या दुसऱ्या मजल्याचें काम अडून बसतें. २०१४ च्या मध्यास पिंपामागें शंभर डॉलरांवर असलेला भाव २०१६ च्या आरंभीं तिसांच्या खालीं आला. त्याच वर्षीं सौदी अरबस्तानांत हजारों भारतीय कामगार पगारावांचून अडकून पडले, व जेद्दा येथील भारतीय वकिलातीस त्यांना शिधा पुरवावा लागला.

हाच धडा जिल्ह्यानें आपल्या अंगणांतही गिरविला आहे. गुहागर तालुक्यांत एन्रॉन कंपनीचा दाभोळ वीजप्रकल्प १९९९ सालीं सुरू झाला. तो प्रथम नाफ्त्यावर, म्हणजे तेलाच्याच एका अंशावर चाले. इंधनाचा भाव जगाच्या बाजारांत ठरे व हिशेब डॉलरांत होई. ती महाग वीज महाराष्ट्राच्या वीजमंडळास पेलेना. २००१ सालीं कारखाना बंद पडला, आणि वर्ष संपण्यापूर्वीं एन्रॉनचेंही दिवाळें वाजलें. २००५ सालीं तो सरकारी कंपन्यांच्या हातीं आला, पण पुढें वायूच्या टंचाईनें त्यास पुनःपुन्हा ग्रासलें. द्रवरूप वायूची जहाजें आणण्यासाठीं धक्का झाला, तर लाटा अडविणारी भिंत अपुरी. म्हणून कित्येक वर्षें ऐन पावसाळ्यांत तेथें जहाज लागत नसे. कोट्यवधि रुपयांचें यंत्र, आणि एका भिंतीवांचून त्याचा खोळंबा!

त्यानंतर राजापूर तालुक्यांतील नाणारची पाळी आली. वर्षाला सहा कोटी टन तेल शुद्ध करणारा, सुमारें तीन लाख कोटींचा कारखाना योजिला गेला. २०१८ सालीं सौदी आराम्को व अबू धाबीची राष्ट्रीय कंपनी यांनींही त्यांत भागी घेण्याचें ठरविलें. आंबा व मासळी यांवर जगणाऱ्या गांवांनीं विरोध केला, व २०१९ सालीं भूसंपादन रद्द झालें. पुढें बारसू-सोलगांवची जागा सुचविण्यांत आली, आणि २०२३ सालीं तेथील माती तपासतांनाही संघर्ष झाला. त्याच सड्यावर प्राचीन कातळशिल्पें आहेत. मुलास घराजवळ नोकरी मिळावी ही आईची इच्छा खोटी नाहीं. कलमें व समुद्र जपावा ही बागाईतदाराची व मच्छिमाराची काळजीही खोटी नाहीं. परंतु दोघांनींही एक प्रश्न विचारलाच पाहिजे: तेल उतरल्यावर येथें मागें काय उरेल?

उरण्याजोगें काम कसें असतें, याचें उदाहरण दूर शोधावयास नको. कोंकण रेल्वे १९९८ सालीं सुरू झाली. रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरांचा करबुडे बोगदा आणि ६४ मीटर उंचीचा पानवलचा पूल पाहून कोणाचेंही मन भरून येईल. २०२२ सालीं या मार्गाचें विद्युतीकरण पुरें झालें. त्यामुळें आतां या गाड्या डिझेलवांचूनही धांवूं शकतात. उलट २०११ सालीं हातीं घेतलेलें मुंबई-गोवा रस्त्याचें रुंदीकरण दहा वर्षें उलटलीं तरी अपुरें राहिलें. आणि इतका पाऊस पडूनही सच्छिद्र जांभ्यांतून पाणी निघून जातें, व वैशाखांत कित्येक वाड्यांस टँकरची वाट पाहावी लागते.

सौदी अरबस्तानानें स्वतःच २०१६ सालीं तेलावरील भार कमी करण्याचा संकल्प जाहीर केला आहे. जे तेलाचे धनी तेच सावध होत असतील, तर तेलाच्या मजुरीवर घर बांधणाऱ्यानें अधिकच सावध असावें. आखातांत आणखी कांहीं वर्षें बांधकामें निघतील, पगारही येतील. पण भावाच्या भरतीओहोटीवर कोणाचाच ताबा नाहीं. म्हणून भरतीच्या वर्षांत गच्चीवर दुसरा मजला चढविण्याआधीं वाडीची विहीर, बंधारा, शाळेचें छप्पर आणि दवाखाना यांकडे पैसा वळवावा.

हा उपदेश केवळ आखातांत गेलेल्यांस नव्हे. पुण्यामुंबईस स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांचींही केळशी, मुरुड, गुहागरकडील घरें मे महिन्यापुरतींच उघडतात. चार भावांनीं वर्गणी काढून दरवर्षीं कौलें शाकारून घेतों. तीच वर्गणी थोडी वाढवून वाडीच्या विहिरीचा गाळ काढला, तर आपलें दार बंद असतांनाही शेजाऱ्याचा हंडा भरेल.