उपली बुरूज, दुसऱ्यांदा

चलथाणला माझी छत्तीस वर्षे गेली. सुरतेजवळचे हे गाव उसाचे. सहकारी साखर कारखाना, ताप्ती व्हॅली मार्गावरचे छोटे स्टेशन, आणि हंगाम आला की डांग, धुळे, नंदुरबारकडून येणारे ऊसतोड कामगार. निवृत्त झालो तेव्हा घरात एकच प्रश्न होता, आता राहायचे कुठे? मुलाचा संसार इथे, नातवंडे गुजराती शाळेत. विजापुरात वडिलांचे घर बंद पडलेले. ते विकायचे की ठेवायचे, हे ठरवायला आम्ही दोघे निघालो. सुरतेहून रेल्वेने सोलापूर आणि पुढे शंभरेक किलोमीटर बस. गावाचे सरकारी नाव २०१४ पासून विजयपुर झाले, पण आमच्या तोंडी विजापूरच.

गोल घुमट सगळेच पाहतात. उपली बुरुजाकडे मात्र थोडेच वळतात. हैदरखान या सरदाराने तो १५८४ च्या सुमारास बांधला. उंची सुमारे ८० फूट. गंमत म्हणजे हा बुरूज तटात नाही, तटाच्या आत एकटाच उभा आहे. तटाचे बुरूज बांधले जात होते तेव्हा हैदरखान मोहिमेवर होता, म्हणून परतल्यावर त्याने सर्वांपेक्षा उंच बुरूज उभारला, अशी दंतकथा सांगतात. माथ्यावर दोन लांब तोफा आहेत. थोरली तीस फुटांच्या आसपास, लोखंडी पट्ट्या जुळवून वरून कड्या ठोकलेली. एवढ्या उंचावरून पहारा असूनही १६८६ मध्ये औरंगजेबाच्या वेढ्यापुढे शहर पडले.

जिना बुरुजाला बाहेरून वळसा घेत चढतो. कॉलेजात असताना तो मी धावत चढलो होतो. आता तिसऱ्या वळणालाच थांबलो. वरून उतरणारा एक मुलगा म्हणाला, "अज्जा, निधान हत्त्री." सावकाश चढा! कन्नडमध्ये मला कोणी अज्जा म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

वरून पूर्वेला गोल घुमट, पश्चिमेला तटावर मलिक-ए-मैदान तोफेचा बुरूज आणि पलीकडे इब्राहिम रोजाचे मिनार. विशीत मी इथून सोलापूरचा रस्ता शोधला होता, कारण मला बाहेर पडायचे होते. या वेळी नजर आतच फिरत राहिली, आमची गल्ली कुठे, शाळा कुठे. गच्च्या आणि पाण्याच्या टाक्यांच्या गर्दीत आमचे घर काही ओळखू आले नाही. तेवढ्यात सौ.ने नातवाला फोन लावला. ती कन्नड-मराठी मिसळून वर्णन करत होती. त्याने गुजरातीत विचारले, "त्यांथी आपणुं घर देखाय छे?"

त्याला 'आपले घर' म्हणजे चलथाणचे अभिप्रेत होते! आम्ही दोघेही हसलो, पण मग बराच वेळ कोणी बोलले नाही.

घर विकले नाही. ते भाड्याने दिले आणि एक खोली आपल्याकडे ठेवली. आम्ही राहणार चलथाणलाच, पण मे महिन्यात नातवंडांना पंधरा दिवस इकडे आणायचे ठरले आहे. बुरूज हा शब्द मराठीत तोच आणि कन्नडमध्येही तोच, तेव्हा भाषेचा पहिला धडा तिथूनच सुरू करता येईल.

तुम्ही जाणार असाल तर सकाळी ऊन चढण्याआधी जा, आणि पायऱ्यांवर भिंतीच्या बाजूने चाला.