दूरचा नेम

प्रत्येक खेळात एक घटका अशी येते, की त्या वेळी चेंडू आपल्या हाती येऊ नये असेच पुष्कळ खेळाडूंना मनातून वाटत असते. दोन्ही संघांचे गुण जवळजवळ सारखे झालेले असतात, वेळ संपत आलेली असते आणि प्रेक्षक जागच्या जागी उभे राहिलेले असतात. कबड्डीच्या सामन्यात शेवटची चढाई कोणी करावयाची, असा प्रश्न निघाला म्हणजे एरवी पुढे पुढे करणारे गडीही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. शाळेच्या पटांगणाच्या कडेला उभा राहून हे दृश्य मी अनेक वर्षे पाहिले आहे. अशा वेळी आपण होऊन पुढे पडणारे एखादे पाऊल दिसले, की सामन्याच्या निकालापेक्षा त्या पावलाचेच कौतुक मला अधिक वाटत आले आहे.

असे पाऊल टाकणाऱ्या एका मुलीची ही हकीकत आहे. ती आपल्या देशातील नव्हे. अमेरिकेत आयोवा नावाचे एक राज्य आहे. मक्याच्या अफाट शेतांविषयी ते प्रसिद्ध आहे. या राज्यातील डे मॉइन शहरी २२ जानेवारी २००२ रोजी केटलिन क्लार्क हिचा जन्म झाला. बास्केटबॉलची गोडी तिला इतक्या लहानपणी लागली, की तिच्या वयाच्या मुलींचा संघ मिळेना. म्हणून ती मुलांच्या संघातून खेळू लागली. पुढे २०२० ते २०२४ या चार वर्षांत ती आयोवा विद्यापीठाच्या संघातून खेळली आणि तिचे नाव साऱ्या देशात दुमदुमले.

तिचा खेळ समजण्यासाठी बास्केटबॉलविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. १८९१ सालच्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हा खेळ शोधून काढला. हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घरातल्या घरात खेळता यावे, हा त्याचा हेतू. त्याने फळांच्या दोन टोपल्या उंचावर टांगल्या आणि त्यांत चेंडू टाकावयास सांगितले. टोपल्या गेल्या व त्यांच्या जागी लोखंडी कडी आली. पण कड्याची १० फूट उंची आजही कायम आहे. चेंडू कड्यातून गेला की २ गुण मिळतात. मात्र कड्यापासून सुमारे २२ फुटांवर एक कमानीसारखी रेषा आखलेली असते. तिच्या बाहेरून टाकलेला चेंडू कड्यात गेला, तर ३ गुण मिळतात. केटलिन या रेषेच्याही पुष्कळ मागे उभी राहून चेंडू फेकीत असे. क्रीडागृहाच्या मध्यभागी विद्यापीठाचे मोठे बोधचिन्ह रंगविलेले असते. त्या चिन्हाच्या काठावरून, कड्यापासून ३० फुटांवरून, ती नेम धरी. एवढ्या दुरून कोणी चेंडू फेकील असे प्रतिपक्षाला वाटत नसे, आणि तेवढ्यात चेंडू हवेत गेलेला असे.

२६ फेब्रुवारी २०२३ रोजी आयोवाचा सामना इंडियाना विद्यापीठाच्या बलाढ्य संघाशी होता. शेवटी इंडियानाचे ८५ गुण झाले होते आणि आयोवाचे ८३. वेळ उरला होता केवळ दीड सेकंद! जवळ जाऊन २ गुण मिळविले असते, तर बरोबरी झाली असती आणि खेळ पुढे चालू राहिला असता. पण केटलिनने रेषेबाहेर धाव घेतली, सखीने दिलेला चेंडू झेलला आणि तोल जात असतानाच तो कड्याकडे भिरकावला. भोंगा वाजला तेव्हा चेंडू वाटेत होता. तो अलगद कड्यातून उतरला आणि आयोवाने ८६ विरुद्ध ८५ असा विजय मिळविला. पुढे २ जानेवारी २०२४ रोजी मिशिगन स्टेट विद्यापीठाविरुद्ध पुन्हा तोच प्रसंग आला. दोन्हीकडे ७३ गुण. अखेरच्या क्षणी केटलिनने मध्यावरच्या त्या बोधचिन्हाजवळून चेंडू फेकला, आणि आयोवाचे ७६ गुण झाले.

या सामन्याचे चित्रण माझ्या नातीने मला दाखविले. ती आपल्या शाळेच्या संघात खेळते. चित्रण संपले तसे तिने विचारले, “आजोबा, हा चेंडू कड्यात गेला नसता तर? सगळे तिलाच बोलले असते ना?” नातीचा खेळ मी पाहिलेला आहे. ती चपळ आहे. परंतु कड्यासमोर चेंडू हाती आला, की ती तो घाईघाईने दुसरीकडे देऊन मोकळी होते. त्यामुळे तिचा प्रश्न केवळ केटलिनविषयी नव्हता, हे माझ्या ध्यानात आले. “बोलले असते तर खरेच,” मी म्हणालो, “पण ती चेंडू टाकते कशाच्या बळावर, ते आपण आधी पाहू या.” आणि आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

प्रथम आम्ही नेमाचा हिशेब केला. कड्याचा व्यास सुमारे ४५ सेंटीमीटर, तर मुलींच्या चेंडूचा सुमारे २३ सेंटीमीटर. म्हणजे चेंडू मधोमध आला, तर त्याच्या दोन्ही बाजूंना फक्त ११ सेंटीमीटर जागा उरते. आता हाताची दिशा अवघा १ अंश चुकली असे समजा. १५ फुटांवरून फेकलेला चेंडू ८ सेंटीमीटर बाजूला जाईल. तो तरीही कड्यात पडेल. तीच चूक ३० फुटांवरून झाली, तर चेंडू १६ सेंटीमीटर सरकेल आणि कड्यावर आदळेल. अंतर दुप्पट झाले, की चूकही दुप्पट होते. म्हणून दुरून नेम साधणाऱ्याचा हात जवळच्या खेळाडूपेक्षा कितीतरी अधिक काटेकोर असावा लागतो. तो काटेकोरपणा सामन्याच्या दिवशी अकस्मात येत नाही. कोणी पाहत नसताना, टाळ्या वाजत नसताना केलेल्या सरावातून तो येतो.

मग आम्ही गुणांचा हिशेब मांडला. २०२३-२४ च्या हंगामात केटलिनने तीन गुणांच्या २०१ फेकी साधल्या. शंभर फेकींपैकी सुमारे ३८ तिने कड्यात घातल्या, असे हे प्रमाण पडते. “म्हणजे ६२ चुकल्या!” नात चकित होऊन म्हणाली. होय, चुकल्या. परंतु ३८ फेकींचे ११४ गुण होतात. तेवढेच गुण जवळून मिळवावयाचे, तर शंभरांपैकी ५७ फेकी साधाव्या लागतील, आणि जवळ तर प्रतिपक्षाच्या उंच खेळाडूंची भिंत उभी असते. तेव्हा प्रेक्षकांना जे अविचाराचे वाटते, त्याच्यामागे पुष्कळदा साधे त्रैराशिक असते. जुगारी मनुष्य डोळे मिटून फासे टाकतो. धाडसी मनुष्य डोळे उघडे ठेवून मोजतो, आणि मोजून झाल्यावर कचरत नाही.

तरीही चुकणे काही सुटत नाही. केटलिनलाही ते सुटले नाही. ११ फेब्रुवारी २०२४ रोजी नेब्रास्का विद्यापीठाशी सामना होता. एनसीएएच्या पहिल्या विभागातील महिलांच्या बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक गुणांचा विक्रम तेव्हा केल्सी प्लम हिच्या नावावर होता. तो होता ३,५२७ गुणांचा. तो मोडण्याची घटका जवळ आली होती. त्या दिवशी केटलिनने ३१ गुण मिळविले. पण शेवटच्या सत्रात तिचा एकही चेंडू कड्यात गेला नाही. हातची आघाडी गेली, सामना ८२ विरुद्ध ७९ असा हातचा गेला, आणि विक्रमाला ८ गुण कमी पडले. साऱ्या देशाचे डोळे आपल्याकडे लागलेले असताना असे अपयश पदरी यावे, यासारखे दुःख खेळाडूला दुसरे कोणते?

यानंतर चारच दिवसांनी, १५ फेब्रुवारीला, आयोवा सिटी येथील कार्व्हर-हॉकआय क्रीडागृहात मिशिगनविरुद्ध सामना झाला. दुसरी एखादी असती, तर ते उरलेले ८ गुण तिने जपून, जवळून मिळविले असते. केटलिनने पहिल्या तीन फेकींतच ते पुरे केले, आणि विक्रम मोडणारी तिसरी फेक ३० फुटांहून अधिक अंतरावरून, त्या बोधचिन्हाजवळूनच केली! त्या दिवशी तिने ४९ गुण मिळविले. मला त्या ४९ गुणांपेक्षाही हे मोठे वाटते, की चार दिवसांपूर्वीचे अपयश तिच्या हाताला येऊन चिकटले नाही. तिला ते आठवत नसेल असे नाही. पण आठवण निराळी आणि धास्ती निराळी.

मी जन्मभर वर्गात शिकवीत आलो. प्रश्न विचारला, की काही हात वर येत आणि काही येत नसत. वर न आलेल्या हातांत पुष्कळदा बरोबर उत्तर असे. मागाहून वही तपासताना ते मला दिसे. मग तो हात वर का आला नाही? उत्तर येत नव्हते म्हणून नव्हे, तर चुकल्यास वर्ग हसेल म्हणून. चूक करण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, नुकसान या भयाने होते. चुकलेले उत्तर सुधारता येते. मनातच राहिलेले उत्तर कोण सुधारणार?

आणि काही वेळा तर हात वर करण्याची संधीच मिळत नाही. आयोवा राज्याचाच इतिहास पाहा. तेथील शाळांतून मुली पूर्वी निराळ्या पद्धतीचे बास्केटबॉल खेळत. प्रत्येक संघात सहा मुली असत. तिघी मैदानाच्या एका अर्ध्या भागात फक्त चेंडू टाकावयाच्या, तर दुसऱ्या अर्ध्या भागातील तिघी फक्त बचाव करावयाच्या. मधली रेषा कोणीही ओलांडावयाची नाही! एवढ्या मोठ्या मैदानावर धावणे मुलींना झेपणार नाही, अशी जुनी समजूत त्यामागे होती. लोकांना हा खेळ प्रिय होता, आणि त्यातून उत्तम खेळाडूही निघाल्या. केटलिनच्या संघाच्या तेव्हाच्या साहाय्यक प्रशिक्षिका जॅन जेन्सन त्यांपैकीच एक. शाळेत असताना, १९८७ साली, त्या एकेका सामन्यात सरासरी ६६ गुण मिळवीत. परंतु बचावातील मुलींचे काय? त्यांच्या नशिबी कड्यावर नेम धरणे कधीच नसे. ही पद्धत १९९३ साली बंद झाली. ज्या मधल्या रेषेपाशी पूर्वी मुलींना थांबावे लागे, तिच्याच आसपास उभी राहून त्याच राज्याची एक मुलगी पुढे नेम धरू लागली. पुढच्या पिढीसाठी वाट मोकळी होणे म्हणजे काय, ते यावरून समजते.

मुलांनो, यावरून असे मात्र समजू नका, की जो तो चेंडू स्वतःच फेकावा. केटलिन जशी गुण मिळविण्यात पुढे होती, तशीच सखीला नेमका चेंडू देऊन तिच्याकडून गुण करवून घेण्यातही पुढे होती. ज्या सामन्यात तिने ४९ गुण मिळविले, त्याच सामन्यात तिने दिलेल्या चेंडूंवर सख्यांनी १३ वेळा कडे साधले. आपण केव्हा टाकावे आणि दुसरीला केव्हा द्यावे, हे जिला कळते, तिच्यावर संघ विश्वास ठेवतो. आणि त्या विश्वासाच्या बळावरच अखेरचा चेंडू तिच्या हाती येतो.

इतके करूनही २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आयोवाचा पराभव झाला. पहिल्या वर्षी लुइझियाना स्टेटने त्यांना हरविले, दुसऱ्या वर्षी साउथ कॅरोलायनाने. सर्वांत मोठे पदक केटलिनला विद्यापीठात असताना मिळाले नाही. तरी ती विद्यापीठातून बाहेर पडली, तेव्हा तिच्या नावावर ३,९५१ गुण होते. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत विद्यापीठाने तिचा २२ हा अंक तिच्या सन्मानार्थ कायमचा राखून ठेवला. तो अंक अंगावर घालून आता तेथे दुसरी कोणी खेळणार नाही.

तुमच्यापैकी फारच थोडे बास्केटबॉल खेळतील. पण कठीण घटका प्रत्येकाच्या वाट्याला येईल. कधी ती भर सभेत बोलण्याची असेल, कधी मित्राची चूक मित्राला सांगण्याची, तर कधी कोणी पुढे येत नसताना एखादे काम अंगावर घेण्याची. त्या घटकेसाठी आजपासून हात तयार ठेवा, हिशेब पक्का करा आणि वेळ आली म्हणजे नेम धरा. कड्यात गेलेल्या चेंडूचे श्रेय संघाला द्या. बाहेर गेलेल्याचा बोल मुकाट्याने स्वतःकडे घ्या. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर जा.